ब्रेडा ते ब्रेडा, व्हाया पुणे

ब्रेडा, नेदरलँड्स
ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, २००६

ती. राजनमामा आणि ती. संध्यामामी यांना सारंगचा नमस्कार. अमृताचाही धरावा. ती सायकल काढून कुठेतरी गेली आहे, पण घरात असती तर तिनंही केलाच असता.

मामींचा गुडघा आता बरा असेल अशी आशा करतो. तुमच्या तब्येतीचं विचारायलाच नको, कारण ज्या माणसाला चार पानी पत्रात तीन पानं हास्यक्लबच्या सेक्रेटरीवर चिडता येतं, त्याच्या हृदयाला काही झालेलं नसतं. मामींनी पाठवलेला फराळ दिवाळी उलटून गेल्यावर पोचला. वाटेत त्यावर कुणीतरी बसलं असावं. चकल्यांचं पीठ झालं आहे आणि शेवेचं त्याहून बारीक पीठ झालं आहे, पण ते दोन्ही दह्यात कालवून आम्ही रोज खातो आणि मामींची आठवण काढतो. हे त्यांना वाचून दाखवताना 'पीठ' हा शब्द गाळावा.

पत्र हातानं लिहितो आहे, कारण दुसरा इलाज नाही. फोन केला तर तुम्ही 'तुझं बिल वाढतंय' म्हणून मी 'हॅलो' म्हणायच्या आत ठेवून देता. ई-मेल केला तर तो अपूर्व कॉलेजातून येईपर्यंत पडून राहतो, मग तो त्याची छापील प्रत आणतो, मग तुम्ही त्यात लाल पेनानं माझं शुद्धलेखन दुरुस्त करता आणि पोस्टानं मला परत पाठवता. तेव्हा पत्रच बरं. शिवाय आज माझं चित्त थाऱ्यावर नाही. सकाळपासून मी खुर्चीत बसतोय आणि उठतोय. इथे आज सगळ्यांनी घड्याळं एक तास मागे केली. हिवाळ्यासाठी करतात, दरवर्षी करतात, पण मला ते माझ्याविरुद्ध केल्यासारखं वाटतंय. आधीच हा रविवार संपत नव्हता, त्यात सरकारनं त्याला एक तास जोडून दिला. दुकानं बंद. रस्त्यात चिटपाखरू नाही. समोरच्या घरातली बाई खिडकी पुसते आहे. कालही पुसत होती.

तर तुमच्या पत्राच्या अगदी शेवटी, सेक्रेटरीच्या राजीनाम्याच्या मागणीखाली, तुम्ही एक ओळ लिहिली आहे: 'डिसेंबरात कायमचा परत येतोस ना? दादा विचारत होते.' मामा, त्या ओळीचं उत्तर देण्यासाठीच लिहायला बसलो आहे. उत्तर देणार आहे. उद्या सोमवारी मला ते इथे ऑफिसातही द्यायचं आहे. पण थोडी पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय ते तुम्हाला कळणार नाही, आणि पार्श्वभूमीची सुरुवात, तुम्ही रागावू नका, तुमच्यापासूनच होते.

मी निघालो त्या दिवशी विमानतळाच्या बसची वाट पाहत असताना तुम्ही पेढ्यांच्या खोक्याचं झाकण उलटं करून त्यावर मला चार बाण काढून दाखवले होते. पंपाच्या कारखान्यात वीस-पंचवीस वर्षं पर्सोनेल खातं सांभाळलेला आणि आता संध्याकाळच्या डिप्लोमाच्या पोरांना 'संस्थेतील संवाद' शिकवणारा मामा ज्याला लाभलाय, त्याला पेढे खातानाही सुट्टी नसते. पहिला बाण वरून खाली: साहेबाचा हुकूम. दुसरा खालून वर: कामगाराचा अहवाल. तिसरा आडवा: एका खात्यातून शेजारच्या खात्यात. आणि चौथा वेडावाकडा, द्राक्षाच्या वेलीसारखा कुठूनही कुठेही जाणारा, म्हणजे कँटीनमधली कुजबुज. 'कंपनी बुडते ती पैसे संपल्यानं नाही, दुसरा बाण मोडल्यानं,' असं तुम्ही म्हणालात, आणि बस आली. मला तेव्हा ते नेहमीसारखंच वाटलं. (झाकण आई परत घेऊन गेली. त्यावर आता ती पापड वाळत घालते.)

पण तुमच्या त्या चार बाणांत आमच्या घरातला बाप-लेकाचा बाण नव्हता, हे तुमच्या कधी लक्षात आलंय का? तुम्ही सख्खे मेव्हणे, तुम्ही बघितलंय. दादा दिवाणावर, मी खाली सतरंजीवर अभ्यासाला, आई आत ओट्यापाशी. दादा म्हणणार, "त्याला म्हणावं, झालं असेल तर दिवा मालव." आई आतून म्हणणार, "अरे, दिवा मालव म्हणतायत." मी म्हणणार, "अगं, एकच गणित राहिलंय." आई म्हणणार, "एकच राहिलंय म्हणतो." मग दादा मान हलवणार. माझं बोलणं त्यांना पहिल्यांदाच ऐकू गेलेलं असायचं, मी त्यांच्या पायाशी तर बसलेला असायचो, पण ते आईकडून आल्याशिवाय अधिकृत होत नसे. भांडण नव्हतं हो. राग नव्हता. पद्धत होती. त्यांचं त्यांच्या वडिलांशी असंच होतं. दहावीचं गुणपत्रक घेऊन मी दादांसमोर उभा होतो, दादांना पेढा द्यायचा होता, आणि आम्ही दोघंही, एकमेकांपासून हातभर अंतरावर, आई वाण्याकडून परत यायची वाट पाहत होतो. आई आली, "बघा, पहिला वर्ग मिळाला," म्हणाली, आणि मग दादांचे डोळे भरून आले. तोवर त्यांनी ते आवरून धरले होते.

असा मी. आणि असा मी ऑनसाइट कोऑर्डिनेटर म्हणून ब्रेडाला आलो. ऑनसाइट कोऑर्डिनेटर म्हणजे काय हे दादांना अजून नीट कळलेलं नाही (ते शेजाऱ्यांना 'परदेशात देखरेखीवर आहे' असं सांगतात), तर थोडक्यात सांगतो: प्रोग्रॅम लिहिणारी मुलं पुण्यात, ज्यांना तो हवा ते लोक इथे, आणि दोघांच्या मधे मी. म्हणजे मी आईचं काम करतो.

ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय, त्यांचं इथे एक अवाढव्य गोदाम आहे. त्यातून देशभरच्या दुकानांना माल जातो आणि या दिवसांत तो माल म्हणजे चॉकलेटची अक्षरं. डिसेंबरच्या पाच तारखेला इथे सिंटरक्लासचा सण असतो. पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा बिशप येतो आणि पोरांना ज्याच्या त्याच्या नावाचं पहिलं अक्षर चॉकलेटमधे देतो. टॉमला टी, सांद्राला एस. (मला एस मिळतो. अमृताला ए. हे लोक मोठ्यांनाही देतात आणि मोठेही हट्टानं घेतात.) तर कुठलं अक्षर गोदामात कुठे ठेवायचं, कुठल्या ट्रकमधे किती चढवायचं, हे आजवर कागदावर चालायचं आणि उत्तम चालायचं. ते नोव्हेंबरपासून आमच्या सॉफ्टवेअरनं करायचं ठरलं होतं. म्हणजे देशातल्या यच्चयावत पोरांचा सण आमच्या हातात. तुम्हाला सांगतो, पुण्यात कुणाला याची कल्पना नव्हती. त्यांच्या दृष्टीनं ते मॉड्यूल सात होतं.

इथला आमचा माणूस वाउटर. पन्नाशीचा, साडेसहा फुटी, गोदामाचा मॅनेजर. साहेब म्हणायची सोय नाही, सगळे त्याला वाउटर म्हणतात, फरशी पुसणाराही. मी सुरुवातीला मिस्टर वाउटर म्हणायचो, तर त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं की तू माझ्यावर नाराज आहेस का. त्याला केबिन नाही. त्याचं टेबल माझ्या टेबलाला चिकटून आहे, इतकं की त्याच्या सकाळच्या पावावरच्या रंगीत चॉकलेटच्या शेवया (हो, हे मोठे लोकही खातात) माझ्या कीबोर्डात पडतात. आणि तो जे मनात येईल ते बोलतो. माझं पहिलं प्रेझेंटेशन झाल्यावर त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं की अर्ध्यात मला झोप आली, उरलेलं अर्धं चांगलं होतं. मी दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी कळलं, त्यानं माझी स्तुती केली होती. देश सपाट आहे म्हणतात ते उगाच नाही मामा, इथे तुमचा पहिला बाण उभाच राहत नाही, आडवाच पडतो.

आता खरी गोष्ट. सप्टेंबरात माझ्या लक्षात आलं की काम वेळेवर होत नाही. थोडंथोडकं नाही, साफ होत नाही. ट्रक भरताना मोजणी चुकत होती आणि का चुकते ते पुण्यातल्या पोरांना सापडत नव्हतं. ही गोष्ट वाउटरला सांगायला हवी होती. तो माझ्यापासून किती लांब होता हे आताच सांगितलं. मी मान वळवायची होती. पण आमच्या कंपनीचा नियम असा की क्लायंटला वाईट बातमी परस्पर द्यायची नाही, रीतसर वरून जाऊ द्यायची. (नियम नसता तरी मी मान वळवली नसती. नियमानं फक्त माझी अब्रू राखली.) म्हणून मी वाउटरच्या शेजारी बसून पुण्याला श्रीधरसरांना, म्हणजे आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरना, मेल टाकला: मोजणी चुकते आहे, नोव्हेंबरमधे होणार नाही, कृपया क्लायंटला कळवावे. मेल टाकताना वाउटरनं मला विचारलंही की काही अडचण आहे का, चेहरा का असा? मी म्हटलं, नाही, नाही.

मेल पुण्याला पोचला. श्रीधरसर माणूस देवमाणूस, त्यांना कुणाचं मन दुखवणं जमत नाही. त्यांनी तो जसाच्या तसा पुढे कसा पाठवावा? त्यांनी लिहिलं की शेवटच्या भागात काही आव्हानं आहेत, पण टीम जोमानं कामाला लागली आहे. हे गेलं अ‍ॅमस्टेलव्हीनच्या आमच्या ऑफिसात, विनयकडे. विनय आमचा इथला विक्रीचा माणूस, कायम कोटात, कायम फोनवर, बायकोशीसुद्धा 'लेट्स टच बेस' म्हणतो. त्यानं 'आव्हानं' वाचलं नसावं, किंवा वाचून गिळलं असावं, कारण पुढच्या वर्षीचं कंत्राट त्याला याच वाउटरकडून हवं होतं. त्यानं वाउटरला फोन लावला. वाउटरचा फोन माझ्या कानापाशी वाजला. मी टायपिंग थांबवलं. म्हटलं, आता कळेल, आता हा माणूस माझ्याकडे वळेल आणि सगळं एकदाचं संपेल.

वाउटरनं फोन ठेवला, खुर्ची फिरवली आणि त्याचा चेहरा उजळलेला होता. विनयनं त्याला सांगितलं होतं की टीम इतक्या जोमात आहे, की काम मुदतीच्या आधीही होऊ शकेल. वाउटर म्हणाला, मग आपण एक आठवडा आधीच सुरू करू या! सणाच्या गर्दीआधी बरंच झालं!

माझी बातमी ब्रेडाहून निघाली, पुण्याला गेली, अ‍ॅमस्टेलव्हीनला आली, आणि जिथून निघाली त्याच्या शेजारच्या खुर्चीत पोचेपर्यंत तिच्या अंगावर एक जुना धागा उरला नव्हता. आणि वाटेत कुणी खोटं बोललं नाही हो! प्रत्येकानं फक्त किंचित गोड केली. तुमचा दुसरा बाण मोडला नव्हता मामा, त्याला वाटेत साखर लागली होती.

दुसऱ्या दिवशी वाउटरनं आनंदाप्रीत्यर्थ सगळ्या गोदामाला गरम पाव वाटले. ब्रेडाकडे हा पाव प्रसिद्ध आहे, आत अख्खं सॉसेज असतं. माझ्यासाठी त्यानं लक्षात ठेवून बेकरीतून वेगळा, आत काहीच नसलेला पाव आणला होता. तो हातात घेऊन मी उभा होतो आणि हा माणूस सर्वांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगत होता की सारंगच्या लोकांमुळे यंदा आपण निश्चिंत आहोत. तेव्हाही सांगता आलं असतं. मी काय केलं असेल? जाग्यावर जाऊन पुण्याला दुसरा मेल टाकला. तातडीचा. लाल उद्गारचिन्ह लावून. तो विनयपर्यंत पोचला तेव्हा विनयनं मला स्वतः फोन करून 'गुड एनर्जी' म्हणून शाबासकी दिली. ते लाल चिन्ह त्याला उत्साहाचं वाटलं.

मधल्या दिवसांचं सांगत नाही. झोप उडाली. अमृता म्हणायची, शेजारी बसतो ना तो, मग सांग ना! तिला सोपं आहे, ती नागपूरची. तिच्या माहेरी सगळे एकाच वेळी, सगळ्यांना, सगळं, मोठ्यानं सांगतात. मी रोज सकाळी गोदामापर्यंत सायकलवर वाक्य घोकत जायचो आणि रोज सायकलला कुलूप लावताना ते विसरायचो. कॉफीच्या मशीनपाशी तर मी कितीदा तोंड उघडलं. इथे ज्याला कॉफी हवी त्यानं सगळ्यांसाठी आणायची असते, भोकं पाडलेल्या ट्रेमधून, तेव्हा मी सारखा कॉफी आणायला लागलो, की तेवढ्यात कुठे वाउटर एकटा सापडेल. सापडला की मी त्याला कॉफी द्यायचो. माझी इतकी लोकप्रियता ऑफिसात कधी नव्हती.

मग गेल्या बुधवारी चाचणी झाली. खऱ्या मालावर, खऱ्या ट्रकवर. आमच्या सॉफ्टवेअरनं ग्रोनिंगेनला जाणाऱ्या ट्रकमधे सगळीच्या सगळी क्यू अक्षरं भरायला सांगितली. मामा, या देशात क्यूवरून नाव असलेला एक माणूस मला अजून भेटलेला नाही. एस आणि एम, ज्यांच्यावर हा सण चालतो, ती एका रिकाम्या शीतगृहात जाऊन बसली. फोर्कलिफ्टवाले यंत्र थांबवून हसत होते. वाउटर हसत नव्हता. तो त्या क्यूंच्या भिंतीकडे बघत होता, मग माझ्याकडे बघायला लागला आणि त्यानं विचारलं, तुला हे माहीत होतं?

मी म्हटलं, आम्ही बघतोय.

तो म्हणाला, मी ते नाही विचारलं. माहीत होतं, की नव्हतं?

मामा, त्या क्षणी मी खरोखर इकडेतिकडे बघितलं. कुणाला शोधत होतो ते आता सांगायची लाज वाटत नाही. ओट्यापाशी कुणी नव्हतं. ओटाच नव्हता. मी म्हटलं, माहीत होतं. कधीपासून? तुम्ही पाव वाटलेत त्याच्याही आधीपासून. मग तू मला सांगितलं का नाहीस, तू माझ्या शेजारी बसतोस? मी म्हटलं, सांगितलं होतं, पुण्याला.

त्याला ते कळेना. त्यानं मला फळ्यापाशी नेऊन काढून दाखवायला सांगितलं. मी काढलं: ब्रेडा, पुणे, अ‍ॅमस्टेलव्हीन, ब्रेडा. बाण काढताना तुमची आठवण झाली. त्यानं बोटानं एकेक बाण गिरवला, मग गोदामातल्या चौघापाचांना बोलावलं आणि मला वाटलं आता माझी वरात. त्यानं त्यांना फक्त सांगितलं की यंदा कागदावरच काम करू, सॉफ्टवेअर जानेवारीत बघू. ते बरं म्हणाले. संपलं. इतकंच! ज्या वाक्यासाठी मी महिनाभर रक्त आटवलं, ते पचवायला या लोकांना एक कप कॉफी पुरली. राग आला मला. काही नाही तर थोडं ओरडायचं तरी होतं.

ओरडण्याचं काम आमच्या लोकांनी केलं. श्रीधरसर ओरडले नाहीत, ते दुखावले, ते जास्त वाईट. विनय ओरडला. मी सामान बांधायच्या मनःस्थितीत होतो. आणि शुक्रवारी वाउटरनं खुर्ची फिरवून मला सांगितलं की त्यानं आमच्या कंपनीला कळवलं आहे: काम चालू ठेवायचं तर सारंग आणखी दोन वर्षं इथे हवा. दुसरा नको. कारण हा आता मला खरं सांगतो, म्हणाला. कंपनी कंत्राटावर खूश, विनय तर मला मिठी मारायला अ‍ॅमस्टेलव्हीनहून येणार होता. माझं उत्तर तेवढं बाकी होतं. मी म्हटलं, घरी विचारावं लागेल. बायकोला? नाही, तिचं हो आहे, वडिलांना. मग लाव फोन, म्हणाला. मी म्हटलं, तसं नसतं. कसं असतं? आणि मामा, मी त्याला सगळं सांगितलं, दिवाण, सतरंजी, ओटा. त्याचं तोंड उघडं राहिलं. त्यानं दोनदा खात्री करून घेतली की वडील त्याच खोलीत असायचे. मग त्यानं फळ्यावरची आकृती बघितली, पुन्हा माझ्याकडे बघितलं, आणि सोमवारपर्यंत सांग म्हणाला.

तर हे सगळं असं आहे. इथे आम्हा दोघांचं चांगलं चाललंय. अमृताला नगरपालिकेच्या डच वर्गात मैत्रिणी मिळाल्यात, जानेवारीपासून तिला एका प्रयोगशाळेत काम मिळायचं घाटतंय. मला हे काम पुरं करायचं आहे, मनापासून करायचं आहे. आणि तिकडे दादांनी वरच्या खोलीला नवीन खिडकी बसवून घेतली आहे, आमच्यासाठी, असं आईनं सांगितलं. दादांनी सांगितलं नाही. तुमच्या त्या एका ओळीचं उत्तर तुम्हाला कळलंच असेल.

मामींना नमस्कार, अपूर्वला आशीर्वाद. सेक्रेटरीला माफ करा.

तुमचा,
सारंग

ता. क. : आता कामाचं. मामा, हे दादांना तुम्हीच सांगा. थेट नको. आधी आईला सांगा, तिला रडून घेऊ दे, मग ती सांगेल. दुपारी चारच्या चहानंतर सांगायला सांगा, क्रिकेट चालू नसताना. आणि 'दोन वर्षं' एकदम नको. आधी 'थोडं लांबलंय' म्हणावं, मग 'बहुतेक पुढच्या वर्षी', मग हळूहळू. वाटलं तर 'कामावर फार खूश आहेत' असं आधी घालावं.

ता. क. २ : अमृता आली. पत्र वाचलं. सबंध पत्र हसत हसत वाचलं आणि ता. क. वाचून हसायची थांबली. तिनं ते बोट ठेवून मला पुन्हा वाचायला लावलं. मग काही न बोलता टेलिफोन कार्ड माझ्यापुढे टाकलं. नागपूरची माणसं बोलायची थांबली की फार भीती वाटते. वरचा ता. क. रद्द समजावा. मी दादांना फोन करतो.

ता. क. ३ : कालच केला. आईनं उचलला. मी म्हटलं, दादांना दे. तिनं विचारलं, काय झालं, बरा आहेस ना, अमृता बरी आहे ना? मी म्हटलं, सगळे बरे आहेत, दादांना दे, आणि तू जरा खाली शेजारी जाऊन ये. ती गेली, मामा. घाबरून गेली. दादा आले. कार्डावरचा वेळ जात होता. मग मी सांगितलं. सगळं, एका दमात, दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं. खिडकीचंही बोललो, चांगली केलीत म्हटलं. ते म्हणाले, "पश्चिमेकडून वारा येतो." मग म्हणाले, "काम अर्धं टाकून येऊ नकोस." तीस वर्षांत ते माझ्याशी एवढं बोलले नव्हते. मग ते हळूच म्हणाले, "तुझ्या आईला तू सांगू नकोस. तिला लागेल. मी सांगतो." आज, सोमवारी, मी वाउटरला हो म्हटलं.

ता. क. ४ : आज शनिवार. पोस्टाची तिकिटं मिळाली नाहीत म्हणून पत्र अजून माझ्या बॅगेतच आहे, ते एका परी बरं झालं. आज आईचा फोन आला होता. आनंदात आहे. डिसेंबरात विमानतळावर घ्यायला कोणकोण येणार याची यादी वाचून दाखवली, वरच्या खोलीला पडदे शिवायला टाकलेत म्हणाली, निळे. मागे दादा खोकत होते. मी विचारलं, दादा काही बोलले का गं? म्हणाली, हो, आठवडाभर काहीतरी सांगायचंय म्हणून ओट्यापाशी येऊन उभे राहतात, पाणी पितात आणि जातात. तेव्हा मामा, पत्र मिळताच घरी जा आणि आईला तेवढं तुम्हीच सांगा. मात्र सांगायला तुम्हाला दादांनी पाठवलं असं तिला म्हणा, आणि दादांना यातलं काही कळू देऊ नका.